दिलेला डोस आणि पोचलेला डोस

आळेफाट्याच्या उपबाजारात कांद्याची गोणी काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याचं लक्ष भावावर असतं तितकंच काट्यावरही असतं. काट्याला वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का आहे का, रिकामा काटा शून्यावर येतो का, हे तो बघून घेतो. शंका आली तर दुसऱ्या काट्यावर पुन्हा वजन करतो. यात कुणाचा अपमान होत नाही आणि व्यापाऱ्यालाही त्यात वावगं वाटत नाही. त्याच घरात कुणाला तोंडाचा, गर्भाशयमुखाचा किंवा स्तनाचा कॅन्सर निघाला की माणसं आळेफाट्यावरून फुटणारा एखादा रस्ता धरतात : पुणे, नाशिक, नाहीतर माळशेज उतरून कल्याणमार्गे मुंबई. डॉक्टर सांगतात, पस्तीस दिवस लाईट घ्यावी लागेल. मग चौकशी सुरू होते. राहायची सोय कुठे आहे, महात्मा फुले योजनेत बसतं का, सोबत कोण थांबणार, मशीन नवीन आहे ना. त्या मशीनमधून जे बाहेर पडतं ते कोणी मोजलं, कशाने मोजलं आणि मोजणाऱ्याचं माप पुन्हा कोणी तपासलं, हे मात्र कोणी विचारत नाही. रेडिएशनच्या उपचारात सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याचं उत्तर रुग्णालयाच्या स्वतःच्या शब्दावर भागत नाही, ते बाहेरच्या स्वतंत्र मापानेच मिळायला हवं.

गोळी हातात येते, तिच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले असतात. सलाइनची बाटली डोळ्यांदेखत रिकामी होते. रेडिएशनचं यातलं काहीच दिसत नाही. त्याचा डोस ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतकाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की झाला एक ग्रे. रोजच्या बैठकीत साधारण दोन ग्रे दिले जातात. एवढ्या ऊर्जेने पाणी तापतं ते एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतकं. म्हणून टेबलावर झोपलेल्या रुग्णाला काही जाणवत नाही. ना चटका, ना झिणझिण्या. दोनऐवजी चार ग्रे गेले तरी जाणवणार नाही आणि काहीच गेलं नाही तरीही नाही. पण या ऊर्जेचं काम तापवण्याचं नाहीच. ती पेशीतल्या डीएनएच्या साखळ्या तोडते. सगळ्या शरीरावर एकदम चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. घशाच्या कॅन्सरला मात्र नेमक्या जागी, पस्तीस बैठकांत वाटून, सत्तर ग्रेपर्यंत डोस देतात. इतकं जालीम औषध, आणि ते किती गेलं हे सांगायला शरीराकडे त्या क्षणी काहीही साधन नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडेही नाही. त्वचा लाल होणं, तोंड येणं, गिळताना दुखणं हे दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतं आणि खरी उशिराची इजा महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर त्वचेच्या लालीवरूनच डोसचा अंदाज बांधत, कारण दुसरं माप नव्हतं. आज माप आहे, आणि म्हणूनच ते न वापरण्याला सबब नाही.

चार-पाच टक्के इकडेतिकडे झाले तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. शेतात खत टाकताना, घरात औषधाचा चमचा भरताना आपण त्याहून जास्त चुकतो. पण रेडिएशनचं गणित सरळ रेषेत चालत नाही. एका मर्यादेखाली गाठ जवळजवळ दाद देत नाही, त्या मर्यादेवर आलेख एकदम उभा चढतो आणि थोडं पुढे गेलं की निरोगी ऊतकाच्या इजेचा आलेखही तसाच उभा चढायला लागतो. उपचार या दोन चढांमधल्या अरुंद पट्टीत करायचा असतो. काही गाठींच्या बाबतीत डोस पाच टक्क्यांनी हलला तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता दहा ते वीस टक्क्यांनी हलते, आणि निरोगी भागाच्या इजेचं प्रमाण त्याहूनही अधिक. म्हणून किरणोत्सर्गाच्या एककांसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्येच सांगून ठेवलं की गाठीला मिळणारा डोस ठरवलेल्या डोसपासून पाच टक्क्यांच्या आत असलाच पाहिजे. हे पाच टक्के सगळ्या साखळीला मिळून आहेत. यंत्राचं माप, संगणकाचं गणित, सीटी स्कॅनमधली चूक, रोज झोपताना रुग्णाचं मिलिमीटरभर सरकणं, या सगळ्यांनी मिळून तेवढ्यातच राहायचं. पहिल्याच कडीने चार टक्के खाल्ले तर पुढच्यांना उरतं काय?

ही पहिली कडी जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपल्या पठारावरची हवाही शिरते. रुग्णालयातला मेडिकल फिजिसिस्ट सुट्टीच्या दिवशी किंवा रुग्ण गेल्यावर मशीनखाली पाण्याची टाकी ठेवतो. पाणीच का, तर माणसाचं मऊ ऊतक किरणांच्या दृष्टीने पाण्याच्या जवळ जातं. पाण्यात दहा सेंटिमीटर खोलीवर बोटाच्या पेरापेक्षाही बारीक पोकळीचं आयन चेंबर बसवायचं आणि किरणांचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन त्यावर सोडायचा. चेंबरमधल्या हवेत किरणांनी विद्युतभार तयार होतो आणि तो इलेक्ट्रोमीटरवर नॅनोकूलंबमध्ये वाचला जातो. तीन-चार वाचनं जुळली की त्यांना चेंबरच्या प्रमाणपत्रातल्या गुणकाने गुणायचं. पण हे प्रमाणपत्र २० अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबासाठी दिलेलं असतं, म्हणजे १०१३.२५ हेक्टोपास्कल. चेंबरमधली हवा बाहेरच्या हवेशी जोडलेली असते. हवा विरळ झाली की भार कमी जमतो आणि वाचन खाली येतं. मुंबईच्या परळला हा फरक नगण्य. पुणं ५६० मीटर उंचीवर, जुन्नर-आळे त्याहून वर. पुण्यात हवेचा दाब ९४८च्या आसपास असतो. खोलीत २४ अंश तापमान धरलं तर दुरुस्तीचा गुणक येतो साधारण १.०८३. म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त दुरुस्ती, निव्वळ हवेपोटी.

आता समजा, विभागातला दाबमापक बिघडलाय आणि कुणी हवामानाच्या अहवालातून दाबाचा आकडा उचलला. तो आकडा बहुधा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, कारण नकाशावर सगळ्या गावांची तुलना करायची तर उंचीचा फरक काढून टाकावाच लागतो. समजा आकडा आला १०१०. मग गुणक होतो १.०१७. फिजिसिस्टला वाटतं, मशीन आहे त्यापेक्षा सहा टक्के कमी देतंय. तो प्रामाणिकपणे ते वाढवतो. त्या दिवसापासून टेबलावर झोपणाऱ्या प्रत्येक रुग्णाला साडेसहा टक्के जास्त जातं. सत्तर ग्रेचा डोस साडेचौऱ्याहत्तरवर पोचतो आणि कागदावर मात्र सत्तरच राहतो. हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. उंचावरच्या रुग्णालयात समुद्रसपाटीचा दाब वापरला गेल्याची नोंद आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या रेडिएशन-अपघातांच्या संकलनात आहे. या चुकीचं वैशिष्ट्य असं की ती करणाऱ्याला स्वतःला सापडत नाही. तो महिन्याने पुन्हा मोजेल, त्याच चेंबरने, त्याच आकड्याच्या सवयीने, आणि उत्तर मागच्यासारखंच येईल. आकडे दरवेळी जुळतात. ते एकमेकांशी जुळतात, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

हीच चूक पकडणारं साधन टपालाने येतं, आणि मला या सगळ्या व्यवस्थेतला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६९ मध्ये टपाली तपासणी सुरू केली. आपल्याकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र १९७६ पासून देशभरच्या रेडिएशन केंद्रांसाठी ती करतं. छोट्या कुपीत टीएलडी नावाच्या स्फटिकाची पूड भरून रुग्णालयाला पाठवतात. रुग्णालयाने ती कुपी पाण्यात सांगितलेल्या खोलीवर धरायची, आपल्या हिशेबाने बरोबर दोन ग्रे द्यायचे आणि परत पाठवायची. किरणांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते आणि प्रयोगशाळेत तो तापवला की प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश जितका, तितका डोस. इथे हवा नाही, दाब नाही, रुग्णालयाचा बॅरोमीटर नाही. रुग्णालय सांगतं दोन ग्रे, स्फटिक सांगतो २.१३, आणि घोळ उघडा पडतो. दुसऱ्याने मोजलं एवढ्यापुरती ही तपासणी स्वतंत्र नाही. तिचं तत्त्वच निराळं आहे, त्यामुळे पहिल्याच्या चुका दुसऱ्यात शिरू शकत नाहीत. जगभरच्या या तपासणीचा इतिहास पुरेसा बोलका आहे. सुरुवातीच्या वर्षांत जेमतेम निम्म्या रुग्णालयांची उत्तरं पाच टक्क्यांच्या आत येत होती. आता नव्वद टक्क्यांहून अधिक येतात. ती निम्मी रुग्णालयं काही निष्काळजी नव्हती. बाहेरून तपासल्याशिवाय त्यांना आपलं चुकतंय हे कळायला वाव नव्हता.

अपघातांच्या नोंदी वाचल्या की हेच पुन्हापुन्हा दिसतं. इंग्लंडमध्ये एक्सेटरला १९८८ मध्ये कोबाल्टचा नवा स्रोत बसवला. मोजमाप करताना मिनिटाच्या आठ-दशांश वेळेत घेतलेलं वाचन पूर्ण मिनिटाचं धरलं गेलं. २०७ रुग्णांना पंचवीस टक्के जास्त डोस गेला आणि ते उघडकीला आलं स्वतंत्र राष्ट्रीय तुलनेत. कोस्टारिकाच्या सान होसेत १९९६ मध्ये ०.३ मिनिटाला तीस सेकंद समजलं गेलं, आणि ११५ रुग्णांना दीडपटीहून जास्त डोस मिळाला. दहावीच्या मुलाने पकडावी अशी चूक, पण ती पकडायला दुसरं माणूस त्या हिशेबापाशी बसलंच नव्हतं. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला १९७४ ते ७६ मध्ये कोबाल्टच्या क्षयाचा आलेख चुकीचा काढला गेला. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे त्याची ताकद महिन्याला सुमारे एक टक्का उतरते आणि त्या हिशेबाने उपचाराचा वेळ वाढवत न्यावा लागतो. आलेख चुकला, वेळ गरजेपेक्षा भराभर वाढत गेला आणि बावीस महिने कुणी प्रत्यक्ष मोजून पाहिलं नाही. ४२६ रुग्ण त्यात सापडले. आपल्याकडे जिल्ह्याच्या आणि धर्मादाय रुग्णालयांत कोबाल्ट मशीनने मोठं काम केलंय. भाभा केंद्राने बनवलेलं भाभाट्रॉन हे मशीन टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात पहिल्यांदा बसलं आणि पुढे परदेशातही गेलं. कोबाल्टला नावं ठेवण्याचं कारण नाही. त्याचा क्षय निसर्गनियमाने ठरलेला आहे, विजेच्या लपंडावाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. पण निसर्ग चोख असला तरी आलेख माणूसच काढतो.

या यादीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण जास्त डोसचं नाही, कमी डोसचं आहे. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला १९८२ मध्ये उपचार आखणारा संगणक आला. अंतराची एक दुरुस्ती हाताने करायची जुनी पद्धत होती. संगणक ती स्वतःच करत होता, पण हाताने करणंही चालूच राहिलं. एकच वजावट दोनदा झाली. १९९१ मध्ये नवी प्रणाली आल्यावर ते लक्षात येईपर्यंत १,०४५ रुग्णांना पाच ते पस्तीस टक्के कमी डोस मिळाला होता. नऊ वर्षं कुणीच तक्रार केली नाही, कारण तक्रार करावी असं काही घडलंच नव्हतं. उलट त्या रुग्णांना त्रास कमीच झाला असणार. तोंड कमी आलं, त्वचा कमी भाजली. काही महिन्यांनी गाठ परतली तेव्हा दोष रोगाच्या माथी गेला. कॅन्सर परत येतोच, असं सगळे म्हणतात आणि ते खोटंही नसतं, त्यामुळे त्याआड कमी डोस सहज लपतो. आपल्याकडे लाईटने जाळलं अशी तक्रार गावोगाव ऐकू येते आणि तिची दखलही घेतली जाते. लाईट पुरेशी पोचली नाही, अशी तक्रार करणारा रुग्ण अजून जन्माला यायचाय. म्हणून त्रास झाला नाही म्हणजे उपचार नीट झाला, हे समीकरण मनातून काढून टाकायला हवं. डोस बरोबर गेल्याचा पुरावा रुग्णाच्या तब्येतीत शोधायचा नसतो, तो मोजमापात शोधायचा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो नव्या मशीनचा. आजची लिनॅक, म्हणजे विजेवर किरण तयार करणारी मशीन, स्वतःची तपासणी स्वतः करतात, मर्यादेबाहेर गेलं की किरण बंद पडतात, संगणकाला सेकंदाची आणि मिनिटाची गल्लत होत नाही. तेव्हा १९८८ची उदाहरणं आता कशाला? आक्षेपात तथ्य आहे. हातचुका खरोखरच कमी झाल्या आहेत. पण मशीन स्वतःची तुलना त्याला पहिल्या दिवशी शिकवलेल्या आकड्याशी करतं. तो आकडाच चुकीचा असेल तर ते मोठ्या निष्ठेने आणि दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत अचूकपणे चुकत राहतं. फ्रान्समध्ये तुलूझला २००६मध्ये अत्यंत बारीक किरणशलाकांचं आधुनिक मशीन सुरू करताना त्या शलाका मोजायला गरजेपेक्षा मोठा डिटेक्टर वापरला गेला. एका वर्षात १४५ रुग्णांवर चुकीच्या मापाने उपचार झाले. शेवटी कंपनीने वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा हे केंद्र वेगळं पडलेलं दिसलं. इथेही चूक सापडली ती बाहेरच्या तुलनेतून. अमेरिकेत ह्यूस्टनचं तपासणी केंद्र माणसाच्या डोक्या-मानेच्या आकाराचा फँटम, म्हणजे नकली रुग्ण, रुग्णालयांना पाठवतं. खऱ्या रुग्णासारखंच त्याचं सीटी काढा, प्लॅन करा, उपचार द्या, आतले डोसमापक आम्ही वाचतो, असा तो व्यवहार. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत सात टक्के आणि चार मिलिमीटर इतकी ढिली कसोटी लावूनही सुमारे तीन-दशांश प्रयत्न नापास झाले होते. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. नापास झालेल्या प्लॅनपैकी बहुतेक त्या-त्या रुग्णालयाच्या घरच्या तपासणीत आधी पास झालेले होते.

घरची तपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. आयएमआरटीसारख्या गुंतागुंतीच्या उपचारात प्रत्येक रुग्णाचा प्लॅन आधी फँटमवर चालवून बघतात. शेकडो बारीक डिटेक्टरांच्या पाटीवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष डोसचा नकाशा एकमेकांवर ठेवतात, आणि साधारण तीन टक्के व दोन मिलिमीटरच्या आत पंच्याण्णव टक्के ठिपके जुळले तर पुढे जातात. बिघडलेली फाइल, चुकीच्या रुग्णाचा प्लॅन, अडकलेली धातूची पट्टी हे त्यात सापडतं. मूळ मापातला दोष सापडत नाही, कारण पाटीलाही त्याच मशीनवर, त्याच मापाने शून्य लावलेला असतो. दोन्ही तपासण्यांची कामं वेगळी आहेत. एक केली म्हणून दुसरी टळत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि माणसांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. सरकारी रुग्णालयात पहाटेपासून रात्रीपर्यंत मशीन चालू असतं, तरी प्रतीक्षायादी सरत नाही. अशा वेळी मोजमापासाठी अर्धा दिवस मशीन थांबवायचं म्हणजे तितक्या रुग्णांना मागे ढकलायचं. गाठ वाढत असताना आठवडाभर थांबणं हेही डोस कमी होण्यासारखंच नुकसान आहे, हे मान्य करावं लागेल. पण हिशेब पुरा मांडू. एका रुग्णाच्या बाबतीतली चूक एका रुग्णापुरती राहते. मूळ मापातली चूक त्या मशीनवर येणाऱ्या प्रत्येकाला लागते, आणि जितकी गर्दी जास्त तितका तिचा फटका मोठा. केंद्रावरची गर्दी हेच तपासणी न टाळण्याचं सगळ्यात मोठं कारण ठरतं. शिवाय आता स्तनाच्या कॅन्सरला पंचवीस बैठकांतल्या पन्नास ग्रेऐवजी पंधरा बैठकांत चाळीस ग्रे देण्याची पद्धत रुळली आहे. आळ्याहून रोज पुण्याला न जाता येणाऱ्या बाईसाठी हे वरदानच. पण बैठका कमी झाल्या की एकेका बैठकीचं वजन वाढतं आणि मधेच चूक सापडली तर सावरून घ्यायला दिवसही कमी उरतात. वाचलेल्या मशीनच्या वेळेतला थोडा मोजमापाला देणं हा त्यामुळे चैनीचा खर्च म्हणता येत नाही. माणसांचा प्रश्न खरा आहे. रेडिएशनमधली पदविका भाभा केंद्रात १९६२ पासून शिकवली जाते, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे मेडिकल फिजिसिस्ट आणि रेडिएशन सुरक्षा अधिकारी यांच्याशिवाय केंद्र चालवता येत नाही. पण रुग्णाला हा फिजिसिस्ट कधी भेटत नाही, बिलात त्याचं नाव नसतं, आणि देणगीदाराच्या पाटीवर तर मशीनचंच नाव कोरलेलं असतं. कोट्यवधींचं मशीन घ्यायला पैसे उभे राहतात आणि दुसऱ्या फिजिसिस्टच्या पगाराला राहत नाहीत, हा आपल्याकडच्या धर्मादाय वृत्तीतला जुनाच दोष आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो. रुग्ण आधीच घाबरलेला असतो, रेडिएशन हे नाव ऐकूनच अर्धे लोक जडीबुटीकडे वळतात, त्यांच्यापुढे चुकीच्या डोसची चर्चा केली तर उरलेलेही पळतील, असं म्हटलं जातं. भीती खरी आहे. पण ती माहितीने वाढते, असा अनुभव कुठल्याच क्षेत्रात नाही. आपल्याला न सांगता काहीतरी चाललंय या संशयाने ती वाढते. जे अपघात मी वर सांगितले ते जगाला कळले, कारण त्यांची चौकशी होऊन अहवाल छापले गेले. म्हणून इंग्लंडमध्ये लोकांनी रेडिएशन घेणं सोडलं नाही. कॅन्सरच्या निम्म्या रुग्णांना कधी ना कधी रेडिएशन लागतं आणि योग्य मापाने दिलं तर ते शस्त्रक्रियेच्या बरोबरीने बरं करणारं हत्यार आहे. ते सुरक्षित आहे हे सांगायचं असेल तर त्याचा आकडा दाखवणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

आणि आकडा दाखवण्यासारखी व्यवस्था आपल्या राज्यात इतर कुठल्याही राज्यापेक्षा जवळ आहे. माप देणारी प्रयोगशाळा ट्रॉम्बेला, परवाना देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरला, १९४१ पासून कॅन्सरचं काम करणारं टाटा मेमोरियल परळला आणि त्याचं संशोधन केंद्र खारघरला. हे सगळं आळेफाट्यापासून एसटीने दिवसभरात गाठता येईल अशा अंतरात. एवढं असून शेवटची टपाली तपासणी कधी झाली आणि उत्तर किती टक्क्यांत आलं, हे कळायला रुग्णाला मार्ग नाही. प्रत्येक रेडिएशन विभागाच्या दारावर, दरपत्रकाच्या शेजारी, शेवटच्या स्वतंत्र तपासणीची तारीख आणि निकाल लावणं सक्तीचं करावं. निकाल पाच टक्क्यांच्या बाहेर आला तर दुरुस्त केल्याची तारीखही त्याखाली लिहावी. लहान केंद्रांची यात बदनामी होईल, ही शंका रास्त आहे. तरी चूक सापडून दुरुस्त केलेलं केंद्र कधीच न तपासलेल्या केंद्रापेक्षा जास्त भरवशाचं असतं, हे लोकांना समजायला फार वेळ लागणार नाही. सरकारी योजनेतून पैसे घेणाऱ्या रुग्णालयांपासून हे सुरू करता येईल, कारण तिथे बिल सरकार भरतं आणि अट घालण्याचा हक्कही सरकारला आहे.

हे होईपर्यंत रुग्णाच्या हातात थोड्या गोष्टी आहेत. उपचार सुरू होण्याआधी विभागातल्या फिजिसिस्टला भेटायचं आहे असं सांगावं. आपल्या प्लॅनचा हिशेब दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासला का आणि मशीनची बाहेरची तपासणी शेवटची कधी झाली, हे नम्रपणे विचारावं. चांगल्या केंद्रात या प्रश्नाचा राग येत नाही, बहुधा आनंदच होतो, कारण त्या माणसाला असं विचारणारं सहसा कुणी भेटत नाही. उपचार संपला की एकूण किती ग्रे, किती बैठकांत, कुठल्या भागाला आणि कुठल्या तारखांना दिले, याचा लेखी गोषवारा मागून घ्यावा आणि बायोप्सीच्या कागदाइतकाच जपून ठेवावा. पाच-सात वर्षांनी त्याच भागाला पुन्हा रेडिएशनची वेळ आली तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला किती द्यायचं हे त्या एका कागदावरूनच ठरवावं लागतं.